बोट सोडा!

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या नात्यातले एक जोडपे फराळाला आले होते. दोघेही नुकतीच नोकरीतून मोकळी झालेली. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी फोन काढला आणि भूमध्य समुद्रातल्या आठ दिवसांच्या ‘क्रूझ’ची चित्रे आम्हांस दाखवायला सुरुवात केली. बोटीचा दिवाणखाना, बोटीवरचा पोहण्याचा तलाव, बोटीतला काचेचा जिना, त्या जिन्यावर ही दोघे, त्याच जिन्यावर पुन्हा ही दोघे. शंभरएक चित्रे झाली तरी बोट काही संपेना. अखेर मीच विचारले, “आणि गावे?”

“गावे लागली की वाटेत,” गृहस्थ म्हणाले. “रोमला बसने नेऊन आणले. नेपल्सला उतरलोच नाही. नुसता कचरा आहे म्हणे. आणि मार्सेलिसला चोर फार; आमच्या टूरवाल्याने आधीच बजावून ठेवले होते. त्या दिवशी बोटीवर मिसळ केली होती बघा आमच्या लोकांसाठी.”

मार्सेलिस! मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या माणसाला युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या बंदराचे नाव ठाऊक नसले तरी हे एक ठाऊक असते. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी ज्या बंदरात उडी घेतली ते हे बंदर. बोटीवर पहारा असताना एक माणूस तेथे उतरण्यासाठी समुद्रात उडी टाकतो, आणि एकशेचौदा वर्षांनी त्याच्याच मुलखातली माणसे, शिडी लावून दिलेली असताना, कुणी हटकत नसताना, मिसळ खात बोटीवर बसून राहतात! मी अनारशाचे ताट खाली ठेवले आणि भांडायला बसले. ते भांडण त्या दिवशी अपुरे राहिले, ते येथे पुरे करते.

माझे भांडण त्या जोडप्याशी नाही, हे आधीच सांगते. जन्मभर काटकसर करून, फंडाच्या पैशातून माणूस एकदा समुद्रापार जातो, त्याला धाकधूक वाटणारच. माझे भांडण त्या धाकधुकीचा धंदा करणाऱ्यांशी आहे. मराठीत बोटे दोन: एक पाण्यावरची, दुसरे हाताचे. आमच्या मंडळींनी दोन्ही घट्ट धरून ठेवली आहेत. पाण्यावरची बोट स्वस्त आहे. महाग आहे ते दुसरे बोट. ते धरून चालायला शिकविणारा माणूस आपल्याकडून पैसे तर घेतोच, वर ज्या गावासाठी आपण आलो तेही काढून घेतो.

येथे आमच्या शिक्षकांच्या खोलीतले एक विद्वान गृहस्थ मला अडवतील. त्यांचे मत असे की, बोटीची सहल हा मुळी प्रवासच नव्हे. ते तरंगते हॉटेल आहे, आणि खऱ्या प्रवाशाने पाठीवर पिशवी टाकून आगगाडीने हिंडावे. हे गृहस्थ स्वतः पाठीवर पिशवी टाकून गणेशपुरीच्या पलीकडे गेलेले नाहीत, तो भाग वेगळा. पण त्यांना उत्तर दिले पाहिजे. मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, अशा दोघी २०२४च्या मे महिन्यात शाळेच्या सुट्टीत गेलो. आक्काची साठी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे. रोम, नेपल्स, माल्टा, बार्सिलोना, मार्सेलिस ही गावे आगगाडीने आणि विमानाने गाठायची म्हणजे दर मुक्कामी नवी खोली, नवे भाडे, आणि दर फलाटावर बॅग चढवा, बॅग उतरवा. बोटीत बॅग एकदा उघडली, ती आठव्या दिवशी मिटली. रात्री निजावे, सकाळी दुसरा देश खिडकीशी. (आमच्या खोलीला खिडकी नव्हती. बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त असते. निजायला खिडकी कशाला लागते?) खोली, तिन्ही वेळचे जेवण आणि गावोगावची वाहतूक मिळून सात रात्रींचे माणशी भाडे मुंबईहून जाण्यायेण्याच्या विमानाएवढेच पडले. त्यावर बंदराचे कर आणि रोजचे सेवाशुल्क लागते, ते आधी हिशेबात धरावे. सरबते, इंटरनेट आणि फोटो यांच्या वाटेस जाऊ नये. बोट म्हणजे हॉटेल नव्हे. बोट म्हणजे तरंगती चाळ आहे. चाळीत राहतो म्हणून कुणी दिवसभर चाळीतच बसत नाही, सकाळ झाली की डबा घेऊन बाहेर पडतो. तेवढेच करायचे आहे.

आणि तेवढेच करू देत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी बोटीच्या नाट्यगृहात ‘बंदरांची माहिती’ म्हणून व्याख्यान होते. त्यात बंदरांची माहिती जेमतेम दहा मिनिटे होती. उरलेला वेळ सहलींचे दर. प्रत्येक गावाशी एक धास्ती जोडलेली: रोम फार दूर आहे, नेपल्सला खिसेकापू आहेत, गाड्यांचा भरवसा नाही. आणि सर्वांवर वरताण म्हणजे, “तुम्ही परत वेळेवर आला नाहीत तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही!” हे वाक्य ऐकल्यावर आमच्या शेजारची सगळी रांग उठून खिडकीवर गेली.

हे वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते इतके खपते. बोटीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते; आपल्या पायाने गेलेल्यासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचे. पण या धोक्याला उपाय काय? घड्याळ. बोट सुटण्याच्या आधी दोन तास धक्क्यापाशी परत यायचे, एवढा नियम आम्ही केला आणि पाळला. घड्याळ बोटीच्या वेळेवर लावायचे, कारण शिडी त्या वेळेने उचलतात. ज्या देशात आम्ही जन्मभर मुक्कामाची शेवटची एस.टी. चुकू न देता कार्ये, बारशी आणि तेराव्याची जेवणे उरकली, त्या देशातल्या बायकांना कुणी बोट चुकण्याची भीती घालावी, याची मला मौज वाटते.

आता रोमचेच घ्या. रोमचे बंदर रोमला नाहीच. ते चिवितावेक्किया नावाच्या गावी, सत्तरएक किलोमीटरवर आहे. ‘लाल आणि काळा’ लिहिणारा फ्रेंच कादंबरीकार स्टेंधाल येथे फ्रान्सचा वकील म्हणून १८३१पासून होता आणि कंटाळून सारखा रोमला पळत असे. त्याच्या काळी घोडागाडी होती, आता आगगाडी आहे. आमच्या बोटीने रोमची नुसती नेआण, म्हणजे बसने सोडणे आणि बसने आणणे, माणशी सत्तर युरोंच्या घरात लावली होती. मार्गदर्शक नाही, तिकीट नाही, पाण्याचा घोट नाही. बंदराच्या दारापर्यंत बंदराचीच बस फुकट सोडते. तेथून मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्यावरून, समुद्राच्या कडेने, रमतगमत स्टेशन. साध्या गाडीचे तिकीट पाच युरोंच्या आतबाहेर. म्हणजे जाऊनयेऊन दोघींचे वीस युरो, आणि बोटीच्या बसला दोघींचे एकशेचाळीस. फरक दहा हजार रुपयांहून अधिक. आमच्या घरी तेवढ्यात दोन महिन्यांचे वाणसामान येते.

पण पैशाची गोष्ट सोडा. बसवाल्यांना रोमच्या कडेला कुठेसे उतरवून ‘चार वाजता येथेच जमा’ असे सांगितले. आम्ही सान पिएत्रो या छोट्या स्टेशनावर उतरलो. तेथून सेंट पीटरचे चर्च पायी पंधरा मिनिटे, आणि चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. तपासणीची रांग मात्र लांब असते, म्हणून सकाळी लवकर पोचावे. त्याच मार्गावर पुढे ऑस्तिएन्से स्टेशन लागते. स्टेशनाजवळ एका जुन्या रोमन अधिकाऱ्यासाठी बांधलेला पिरॅमिड आहे, आणि त्याच्या सावलीला असलेल्या दफनभूमीत कीट्स आहे. हा पोरगा १८२१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने येथे गेला. त्याच्या दगडावर त्याचे नावसुद्धा नाही. शाळेत ज्याच्या कवितांचे अर्थ आम्ही घोकले त्याच्यापाशी दहा मिनिटे उभे राहायला मिळाले, ते साध्या गाडीने मिळाले. बस तेथे थांबत नाही. आक्काला कीट्सचे काही सुतक नव्हते. तिला रोमच्या गल्लोगल्ली अखंड वाहणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या नळांचे कौतुक. बाटली प्रत्येक नळावर रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. “एवढी दुनिया हिंडते इथं, आणि पाण्याला पैसा नाही,” असे ती जालन्याची बाई दिवसभर म्हणत होती. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनाच हे कळेल.

भाषेचे काय, असे आमच्या त्या पाहुण्यांनी विचारले. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे आहे आणि आक्काचे त्याच्या अलीकडचे. पण इटलीत इंग्रजी येणाऱ्याचीही तीच गत असते. स्टेशनाचे नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्यावे, तो कागद दाखवावा. ‘ग्रात्सिए’ म्हणावे, हसावे. एक खबरदारी मात्र सांगते: साध्या गाडीचे कागदी तिकीट काढले की फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो; न घेतल्यास तिकीट असूनही दंड होतो. ही गोष्ट बोटीवरच्या व्याख्यात्याने सांगितली असती तर एका वाक्याचे काम होते. पण सांगितली असती तर बस कुणी घेतली असती?

नेपल्सला ‘नुसता कचरा’. कचरा आहे, नाकारत नाही. पण नेपल्सचा धक्का गावाच्या पोटातच आहे; शिडीवरून उतरले की किल्ला समोर आणि मेट्रोचे स्टेशन पलीकडे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याभोवती फिरणारी एक लहान आगगाडी आहे, तिने पॉम्पेई चाळीस मिनिटांच्या आत येते आणि स्टेशनातून बाहेर पडले की अवशेषांचे दार समोर असते. गाडी आपल्याकडच्या लोकलसारखीच: गर्दी, उघड्या खिडक्या, एक बाजा वाजविणारा. आक्का तेथे युरोपात आल्यापासून पहिल्यांदा ऐसपैस बसली. पर्स पोटाशी धरावी, हे दादरला राहणाऱ्या किंवा उतरणाऱ्या माणसाला शिकवायला नको.

इसवी सन ७९मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहराविषयी येथे लिहीत नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. एकच सांगते. त्या गावातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर एक घर आहे. १९३८ साली त्या घरात हस्तिदंताची एक वीतभर बाई सापडली. ती रोमन नव्हे, ग्रीकही नव्हे, हिंदी आहे. व्हेसुव्हियस फुटण्यापूर्वी कधीतरी ती जहाजाने येथवर आली. तिला कुणी लक्ष्मी म्हणतात, कुणी यक्षी म्हणतात. आरशाची मूठ किंवा लहानशा मेजाचा पाय असावा, असेही म्हणतात. आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, १९७०च्या दशकातल्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती आकृती मिळाली, तशीच तेरलाही मिळाली आहे. म्हणून ती आमच्या मराठवाड्याच्याच कारागिराच्या हातची असावी असे कित्येक अभ्यासक मानतात. त्या घरावरून बोटीच्या सहलीचे चाळीस-चाळीस जणांचे कळप झेंडा पाहत पुढे गेले. बाई आता त्या घरात नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि ते संग्रहालय आमच्या बोटीच्या एकाही सहलीत नव्हते.

आम्हाला तेथे जायचे होते, आणि येथे माझी फजिती झाली ती लपवीत नाही. पॉम्पेईच्या स्टेशनात मी भलत्या फलाटावर उभी राहिले आणि आम्ही नेपल्सऐवजी उलट्या दिशेच्या, सोरेंतोच्या गाडीत बसलो. समुद्र उजव्या हाताला यायला लागला तेव्हा आक्काच म्हणाली, “अगं, येताना हा ह्याच हाताला होता की!” शेजारच्या एका म्हातारीने आमच्या कागदावर बोट ठेवले, कपाळाला हात लावला आणि पुढच्या स्टेशनावर अक्षरशः आमचा दंड धरून आम्हाला उतरवून दिले. चाळीसएक मिनिटे गेली. माझ्या पोटात गोळा आला होता, हे कबूल करते. बोटीवरच्या व्याख्यात्याचा चेहरा डोळ्यांपुढे दिसू लागला. पण दोन तास हाताशी राखलेले होते ते याचसाठी. संग्रहालयाला तास मिळाला.

ती बाई ठेवली आहे कुठे, तर संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’. पॉम्पेईतली शृंगारिक चित्रे आणि शिल्पे जेथे पूर्वी कुलपात असत, ते हे दालन. दोन मराठी मध्यमवर्गीय बहिणी खाली मान घालून, एकमेकींकडे न पाहता, नको त्या पुष्कळ गोष्टींवरून पुढे सरकत सरकत त्या काचेशी पोचल्या. आक्काने चष्मा लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पायातले वाळे बघ. पोटऱ्यांपर्यंत भरलेत. आणि ह्या दोन पोरी डबी घेऊन उभ्यात बाजूला, वेणीफणीला.” आक्काचे यजमान भोकरदनला चार वर्षे नोकरीला होते. त्या स्टँडवर तिने शेकडो वेळा एस.टी.ची वाट पाहिली आहे, आणि तिला हे कुणी कधी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते, कारण निघण्याच्या महिनाभर आधीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. ती काचेपाशी अशी उभी होती जशी कुणी परक्या गावी माहेरचे माणूस भेटल्यावर उभे राहते. बोलायचे काय ते सुचत नाही, आणि निघवत नाही.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली, ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचे नावही आज माहीत नाही. कोठे नांगर टाकावा, कोठे काय विकावे, कोठे काय घ्यावे, असे सगळे त्यात आहे. पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला कसा येतो तेही आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसिडॉनची, काशाची मूर्ती निघाली, ती तेथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे आमची बाई तिकडे, त्यांचा देव इकडे. हे ज्यांनी नेले-आणले त्यांनी वाऱ्याचा हिशेब करून होड्या हाकल्या, आणि आम्ही मेट्रोच्या तिकिटाला भितो.

माल्टाविषयी थोडक्यात. व्हॅलेटाचे बंदर खाली आणि गाव वर तटावर. मध्ये एक उद्वाहक आहे, तो अठ्ठावन्न मीटर वर नेतो आणि एक युरो घेतो. बोटीने त्याच गावाची ‘विहंगम दृश्य सहल’ लावली होती, तिच्यात बस त्याच तटावर नेऊन उभी केली. आमचे वडील निजामी अमदानीत उर्दू शाळेत चार बुके शिकलेले. त्यामुळे तेथल्या दुकानदाराने पुस्तकाला ‘क्तीब’ आणि जगाला ‘दिन्या’ म्हटल्यावर आक्काने त्याला वडिलांच्याच उच्चारात ‘किताब’ आणि ‘दुनिया’ म्हणून दाखविले. अरबी कुळातली ती भाषा रोमन लिपीत लिहितात. दुकानदाराने आम्हाला पत्र्याच्या डब्यातली बिस्किटे खाऊ घातली.

बार्सिलोनात मात्र मला एका निराळ्या प्रश्नाशी भांडावे लागले, आणि त्यात माझा पुरता जय झाला असे म्हणवत नाही. तेथल्या रहिवाशांना बोटीची माणसे नकोशी झाली आहेत. आम्ही येऊन गेल्यावर जुलै २०२४मध्ये तेथे मोर्चा निघाला आणि उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. २०२५ साली तेथल्या नगरपालिकेने आणि बंदराने मिळून बोटींचे सात धक्के २०३०पर्यंत पाच करण्याचे ठरविले. व्हेनिसने तर १ ऑगस्ट २०२१पासून पंचवीस हजार टनांवरच्या बोटींना गावासमोरच्या कालव्यात बंदी केली, आणि २०२४पासून गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसविला. हे लोक तुसडे आहेत असे म्हणणाऱ्याने शनिवारी-रविवारी काशिदला किंवा महाबळेश्वरला जाऊन तेथल्या पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे. हजारो माणसे एकदम उतरतात, एकाच चौकात उभी राहतात, जेवायला बोटीवर परत जातात. गावाच्या वाट्याला काय? गर्दी आणि धूर. त्या गर्दीत आम्ही दोघीही होतोच. दोन माणसे कमी असती तर तेवढी जागा झाली असती. पण निदान आम्ही गल्लीतल्या खाणावळीत बसून पैसे मोजून जेवलो, आणि चाळीसजणांची भिंत होऊन कुणाच्या दारात उभ्या राहिलो नाही.

धक्क्यापासून पायी जाण्याच्या टप्प्यात तेथे सांता मारिया देल मार नावाचे चर्च आहे, चौदाव्या शतकातले. ते राजाने बांधलेले नाही. बंदरातल्या हमालांनी शेजारच्या टेकडीवरून दगड पाठीवर वाहून आणले. दरवाजावर ब्राँझचे दोन लहान हमाल आहेत, ओझ्याखाली वाकलेले. मुंबईच्या गोदीत माथाडी काम केलेल्या माणसांची मुले माझ्या वर्गात शिकून गेली आहेत. मी त्या दोन हमालांचा फोटो वर्गात लावला आहे. सहलीच्या बसा गाउदीच्या चर्चकडे गेल्या होत्या. तेही पाहावे, पण बाहेरून. आतले तिकीट महाग आहे आणि आगाऊ काढावे लागते.

आता मार्सेलिस. बोटींचा धक्का गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर आहे, तेथून सिटी बस मिळते. चोर भेटले नाहीत. एक मुलगा भेटला, त्याने आक्काला बसमध्ये जागा दिली. बोटीच्या सहली एक्स आणि कासी या देखण्या गावांकडे गेल्या. आम्ही जुन्या बंदरावर गेलो, तेथे सकाळी मासळीबाजार भरतो, आणि कठड्यावर बसून घरून नेलेला चिवडा खाल्ला. त्या पाण्यात पाहण्यासारखे काही नसते. एका पोहणाऱ्या माणसाला फ्रेंच पोलिसांनी पकडून परत इंग्रजांच्या हवाली केले, त्यावरून दोन सरकारांत वाद झाला आणि हेगच्या लवादाने १९११ साली निकाल इंग्रजांच्या बाजूने दिला, एवढे मी आक्काला सांगितले. तिला ते सगळे ठाऊक होते. मग मेट्रो आणि बस करून माझार्गच्या लष्करी दफनभूमीत गेलो. १९१४च्या सप्टेंबरात हिंदी फौजा या बंदरात उतरल्या होत्या. जे परतले नाहीत त्यांच्यातल्या काहींची नावे तेथे आहेत. दोन तास आमच्याखेरीज तेथे फक्त एक माळी होता.

माझे म्हणणे हट्टाचे नाही. ज्याला चालवत नाही त्याने बस घ्यावी. जेथे बोट किनाऱ्याला लागत नाही आणि होडक्याने उतरवितात, जसे सान्तोरिनीला, तेथे रांगांचा वेळ दुप्पट धरावा. लिव्होर्नोहून पिसा आगगाडीने सहज होते. फ्लॉरेन्स दूर आहे, मुक्काम अपुरा असेल तर तो मोह सोडावा. पॉम्पेईला स्थानिक वाटाड्या करावा, ते पैसे वाया जात नाहीत. आमचे भांडण वाटाड्याशी नाही, झेंड्याशी आहे. १५ नोव्हेंबर २०२४पासून तेथे दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागते, म्हणून तिकीट घरूनच काढावे. आणि बोट तुर्कस्तान किंवा ट्युनिस करून परत युरोपात येणार असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागावा. एका प्रवेशाच्या व्हिसावर परतीचे दार बंद होते. हा व्हिसा ११ जून २०२४पासून नव्वद युरोंचा झाला आहे आणि नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. खरी जोखीम म्हणाल तर ही आहे, आणि तिच्याविषयी मात्र बोटीवरच्या व्याख्यानात अवाक्षर नसते.

परवा त्या जोडप्याचा फोन आला. पुन्हा निघाली आहेत, या वेळी ग्रीसकडे. “टूरवाला म्हणतो, पिरियसहून अथेन्सला बसशिवाय जाता येत नाही,” गृहस्थ म्हणाले. मी म्हटले, “पिरियसहून अथेन्सला १८६९पासून आगगाडी आहे. हिरव्या मार्गाची मेट्रो घ्या, तिकीट सव्वा युरोच्या आत. मोनास्तिराकीला उतरा. ॲक्रोपोलिसचे तिकीट तीस युरो झाले आहे, पण समोरच्या अरिओपागसच्या खडकावर चढायला पैसे नाहीत.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग बाईंचा आवाज आला, “थांबा हं, कागद आणते. कुठल्या रंगाची म्हणालात?”